शिंदीला पाणी

काल पहाटे मी शिंदीच्या झाडाला पाणी घातलं.

ज्यांचा आमच्या भागाशी संबंध नाही त्यांना यातला मूर्खपणा कळायचा नाही, म्हणून सांगतो. शिंदी म्हणजे रानखजूर. वर्धा जिल्ह्यात कुठल्याही नाल्याच्या काठाने चालायला लागा, शिंदीच शिंदी. तिला कोणी लावत नाही, कोणी राखत नाही. बाया तिच्या पानांचे झाडू बांधतात, एवढाच तिचा माणसांशी व्यवहार. वैशाखात नाले आटतात, विहिरी तळाला जातात, आणि ही बया हिरवीच्या हिरवी. तिला बादलीने पाणी घालणं म्हणजे म्हशीवर छत्री धरण्यासारखं आहे.

पण नवतपा लागला होता. रोहिणीच्या सुरुवातीचे ते भाजून काढणारे दिवस आले की माझा हात आपोआप बादलीकडे जातो. अर्धवट झोपेत मी विहिरीचं पाणी शेंदलं, अंगणाच्या कोपऱ्यात नेलं आणि बुंध्याशी ओतलं. नेमका तेव्हाच दूधवाला गुणवंता फाटकात सायकल टेकवत होता.

"काय हो भाऊ," तो म्हणाला, "शिंदीले पाणी देऊन राह्यले? रातची उतरली नाई का अजून?"

"चुकून झालं रे."

"तुमचं तं बियाण्याचं दुकान हाये! तुमी लोकाईले शिकवता!" आणि मान हलवत त्याने दूध मापलं.

त्याचं खरं आहे. आर्वीत माझं बियाण्याचं दुकान. संकरित कपाशी, तूर, ज्वारी. कोणतं बी किती खोल टाकायचं, कोणत्या मातीत टाकायचं, उगवलं नाही तर त्यात शेतकऱ्याचीच चूक कशी असते, हे सगळं मी गादीवर बसून बेधडक सांगत असतो. आणि हीच शिंदी मी दोन उन्हाळे बर्फातलं झाड म्हणून वाढवली, ही गोष्ट गावात सगळ्यांना माहीत आहे. गुणवंता नवा आहे, म्हणून त्याला माहीत नाही.

नवतप्यात सकाळी नऊलाच रस्ता ओस पडतो. निंबाखाली गाई डोळे मिटून उभ्या असतात. दारावर टांगलेल्या वाळ्याच्या ताटीवर पाणी मारलं की पहिल्या झुळकीसरशी जो वास घरात शिरतो, तो मला अजून सरळ सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर सालात घेऊन जातो. त्या वासात मला आधी ओली ताटी दिसते. मग ताटीला गाल लावून उभी असलेली गोविंदी वहिनी दिसते.

दादा, माझा मोठा भाऊ, पहाडात रस्ते बांधणाऱ्या एका खात्यात सुपरवायजर होता. तिकडे पार पिथौरागडच्या बाजूला. घरात लग्नाचा विषय निघाला की त्याची रजा संपायची. माझं लग्न होऊन गेलं, आई गेली, तरी तो एकटाच. आणि एका फाल्गुनात पुलगावहून येणाऱ्या अरुंद रुळांच्या छोट्या गाडीतून तो उतरला तो सोबत एक गोरीपान, ठेंगणी, गालांवर लाली असलेली मुलगी घेऊन. तिच्या अंगात लोकरीचं स्वेटर होतं. आर्वीत त्या दिवशी लोक उसाचा रस पीत होते.

बाबा ओट्यावर बसलेले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, स्वेटरकडे पाहिलं, आणि आत बघून माझ्या बायकोला हाक मारली, "सुमन, आधी इले पाणी दे वं. घामानं भिजून गेली पोरगी."

एवढ्यावर लग्न मान्य झालं. दादाने मनात तयार करून आणलेलं भाषण तसंच राहिलं.

तिच्या कामाच्या ठिकाणी बायकोला ठेवायची सोय नव्हती. म्हणजे दादाच्या कामाच्या ठिकाणी. पण बघा, लिहितानाही माझ्या हातून पहाड तिचाच होतो. दादा रजा संपवून परत गेला आणि ती आमच्यात राहिली. सासरी माणूस राहतं तशी राहिली. भाकरी थापायला शिकली, सुमनच्या मागेमागे हिंडून चार शब्द आमचे उचलले. मला आधी 'देवरजी' म्हणायची, वर्षभरात 'भाऊजी' म्हणू लागली. सुमन तिला 'ताई' म्हणायची. पण चैत्र संपला आणि ती वाळायला लागली. पाणी तोडलेलं रोप कसं वरून हिरवं दिसतं आणि दुपारी मान टाकतं, तसं. पहिल्याच नवतप्यात तिला ऊन लागलं. कांद्याचा रस तळपायांना चोळला, कैरीचं पन्हं पाजलं, तरी तापात ती बडबडत होती. तिची पहाडी बोली आमच्यापैकी कोणालाच कळत नव्हती. एक शब्द मात्र पुन्हापुन्हा येत होता: ताड.

बरी झाल्यावर सुमनने विचारलं, तेव्हा तिने सांगितलं. तिच्या बापाच्या दारात ताडाचं झाड होतं. आपल्या ताडासारखं नाही. बुटकं, खोडावर अस्वलासारखे केस, पान हातपंख्यासारखं गोल. आणि ते बर्फात उभं राहायचं.

"ताड? बर्फात?" मी हसलो. "वहिनी, ताडाले ऊन लागते."

"हमारे ताड को नहीं लगता." मग तिने हात पुढे केला, पंजा पसरला आणि पानावर बर्फ साचतं कसं ते दाखवू लागली. पंजा जड होत होत वाकला, खाली आला, अगदी खाली, आणि "धप्प!" म्हणत तिने तो एकदम वर उडवला. बर्फ पडलं, पान सरळ झालं. लहान असताना ती त्या झाडाखाली उभं राहून तेवढ्यासाठीच वाट पाहायची म्हणे.

"वो एक पेड़ यहाँ होता ना," ती म्हणाली, "तो मैं इस गर्मी को भी देख लेती."

सुमन तिला पंख्याने वारा घालत होती. तिचा हात थांबला. आणि मी ठरवलं, हे झाड आणायचं. माणसं आणायला जमत नाही तिथे आपण झाड आणायला बघतो, हे तेव्हा कुठे कळत होतं.

पहिल्यांदा मी नागपूरला गेलो. एका बागवाल्याला सगळं वर्णन सांगितलं: थंडीचं, पहाडी, पंख्यासारखं पान. त्याने मला चहा पाजला आणि एक कुंडी दिली. कुंडी मांडीवर घेऊन मी बसने घरी आलो. शेजारच्या माणसाच्या नाकात त्याची पानं जात होती. वहिनीने ते रोप सगळ्या बाजूंनी पाहिलं आणि "अच्छा है" म्हणाली. त्या 'अच्छा है'वरून मला समजायला हवं होतं, की ती आमच्या घराची झाली आहे. म्हणजे खरं बोलायचं तिने सोडलं आहे. दिवाळीपर्यंत रोपाच्या शेंड्या करपल्या, मग ते मेलंच.

"तुमी पाम इकत आणला का अक्कल इकून आले?" सुमन म्हणाली.

त्या हिवाळ्यात दादा रजेवर आला तो एका लोकरी मोज्यात बिया घालून. वहिनीच्या बापाच्या दारातल्याच झाडाच्या. निळसर काळ्या, घेवड्याच्या दाण्यासारख्या वाकड्या. मोज्याला तंबाखूचा वास होता. वहिनीने एक बी तळहातावर घेतलं, वास घेतला आणि मूठ मिटली. दादा तिच्याकडे पाहत होता. त्याला घरात सगळ्यांसमोर बायकोशी बोलता येत नसे. तो माझ्याशी बोलायचा आणि ते तिच्यासाठी असायचं. "एक तरी जगव बे," तो मला म्हणाला.

मी बियाण्याचा माणूस. मला सांगावं लागतं काय! तेलाचा मोठा रिकामा डबा घेतला, बुडाला भोकं पाडली, सायकलला पोतं बांधून स्वतः नाल्यावर गेलो आणि तिथला सगळ्यात काळाभोर, लोण्यासारखा गाळ भरून आणून त्यात त्या बिया लावल्या. त्या नाल्याच्या दोन्ही काठांना काय उभं होतं, हे मी आता सांगायची गरज नाही. त्यांची पिकली फळं पावसाळाभर कुठे गळत होती, हेही नाही. माती चाळून घ्यावी, हे मी रोज गिऱ्हाइकांना सांगत असे.

सगळा उन्हाळा डबा गप्प. पाऊस पडल्यावर एक हिरवं टोक वर आलं. गवताच्या पात्यासारखं, टोकदार, ताठ. मी ओरडलोच. बाबा काठी टेकत आले, वाकून पाहिलं आणि "हं" म्हणाले. सुमनने हळदकुंकू वाहिलं. वहिनी किती तरी वेळ उकिडवी बसून होती. तिने बोटाने ते पातं एकदा खालपासून वरपर्यंत चाचपलं.

"हेच ना वहिनी?"

"पहले ऐसा ही निकलता है," ती म्हणाली.

ते खोटं नव्हतं. सगळ्याच ताडांचं पहिलं पान असं गवतासारखं असतं. लहानपणी कोणाला बघून कळतं, कोण कुठलं होणार!

त्यानंतरचे दोन उन्हाळे मी जे केलं, ते ऐकून माझे व्याही अजून हसतात. दारावरच्या दोन ताट्यांपैकी एक मी काढली आणि डब्याभोवती उभी केली. बाबा दुपारी घामाने निथळत ओट्यावरून ओरडायचे, "माह्या खोलीले ताटी नाई अन् त्या झिपऱ्याले ताटी! म्या मेल्यावर माह्याभोवती लावजो!" मी दुपारी दुकान बंद करून, डोक्याला दुपट्टा गुंडाळून, खिशात कांदा घेऊन घरी यायचो ते झाडावर पाणी शिंपडायला. आणि एका नवतप्यात तर मी बसस्टँडजवळच्या सरबतवाल्याकडून भुशात गुंडाळलेली बर्फाची अख्खी लादी आणली. बर्फातलं झाड आहे, त्याला बर्फ हवं, असा साधा हिशोब. लादी फोडून मी डब्यात बुंध्याभोवती रचायला लागलो.

आतून हसण्याचा आवाज आला. वहिनी दारात उभी राहून पदर तोंडाशी धरून हसत होती. त्या उन्हाळ्यात ती प्रथमच हसली. "भाऊजी," तिला बोलवेना, "बरफ ऊपर से गिरता है! नीचे से नहीं!"

सुमन हसायला लागली, बाबा हसायला लागले, मीही. मग वहिनी खाली आली, डब्यातला एक खडा उचलला, मातीसकट. पदराने पुसला. आधी गालाला लावला, मग कपाळाला, मग डोळे मिटून दोन्ही पापण्यांवर धरून ठेवला. पाणी तिच्या गालांवरून हनुवटीपर्यंत ओघळत राहिलं. आम्ही एकेक करून हसायचे थांबलो. ते सगळंच पाणी बर्फाचं होतं का, हे कोणी विचारलं नाही.

दादा हिवाळ्यात आला, की सामान ठेवायच्या आधी डब्याकडे जायचा. शेवटच्या खेपेला पान गुडघ्याएवढं झालं होतं आणि टोकाला जरासं फाटलं होतं. "पंखा सुटून राह्यला," मी म्हणालो. दादाने वहिनीकडे पाहिलं. तिने त्याच्याकडे. मग दादा म्हणाला, "बरोबर हाये. असाच सुटते." पहाडात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला ते ओळखू आलं नसेल का? तेव्हा मी छाती फुगवून दुकानात गेलो. आज विचारावंसं वाटतं, तर विचारायचं कोणाला?

त्यानंतरच्या पावसाळ्यात पहाडातला एक रस्ता दरडीखाली गेला. दादा त्याच रस्त्यावर होता.

बाबा आणि मी पोहोचलो तोवर सगळं उरकलं होतं. त्याच्या खोलीतून आम्ही त्याचा कोट, दाढीचं सामान आणि एकच लोकरी मोजा आणला. जोडीतला दुसरा आमच्या घरीच होता. येताना उतारावर, एका घरापाशी, मला ते झाड दिसलं. केसाळ खोड, गोल पंखे. धुक्यात न हलता उभं. बस पुढे गेली. मी बाबांना दाखवलंसुद्धा नाही. पानं मी नीट पाहिली होती; तरी आमच्या डब्यातल्या पानाशी ती ताडून बघावी, असं मनात आलं नाही. काही गोष्टी मन स्वतःहून पाहत नाही.

तो हिवाळा आमच्या घरात कोणी मोठ्याने बोललं नाही. पण एक विचित्र गोष्ट सांगतो. वहिनी घरात वावरत होती तोवर दादा गेल्यासारखा वाटत नव्हता. ती आमच्याकडे आणि तो नोकरीवर, हेच तर आमच्या घराचं रोजचं रूप होतं. संध्याकाळी ती कंदिलाची काच पुसायला बसली की वाटायचं, सगळं जागच्या जागी आहे. दादा माघात येईल. माघ आला आणि गेला, तरी वाटायचं, यंदा रजा मिळाली नसेल. तिच्या असण्यावर आम्ही त्याचं असणं टांगून ठेवलं होतं. तिला ते ओझं किती जड झालं असेल, हे त्या पसरलेल्या पंजाला विचारायला हवं होतं.

होळी झाली आणि तिचा भाऊ आला. तिच्यासारखाच ठेंगणा, गोरा, दारात जोडे काढून संकोचत उभा. "गर्मी से पहले ले जाऊँ तो अच्छा," तो बाबांना म्हणाला. तो आल्यापासून वहिनी त्याच्याशी तिच्या बोलीत बोलत होती, भराभर, न अडखळता. आमच्या घरात ती इतकी वर्षं सावकाश बोलत होती, हे मला तेव्हा समजलं.

बाबा म्हणाले, "पोरगी हाये. तिले वाटलं तं जाईन, वाटलं तं राहीन. आपुन काऊन अडवा?" बोलून झाल्यावर ते भिंतीकडे तोंड करून पडले.

मी मात्र अडवायला निघालो. माझ्याकडे एकच गोष्ट होती. डब्यातल्या रोपाच्या पोटात नवं पान आलं होतं, जाडजूड, घट्ट मिटलेलं. हा पंखा नक्की, असं मी महिनाभर धरून चाललो होतो. तो उघडायची वाट पाहायला आता वेळ नव्हता. मी तिला हाताला धरून नाही, पण जवळजवळ तसंच, अंगणात नेलं.

"वहिनी, जाऊ नका. हे पाहा. पंखा आला. तुमीच म्हणाल्या होत्या, हे झाड असलं तं उन्हाळ्यालेही पाहून घेईन."

आणि मी दोन्ही हातांनी ते मिटलेलं पान उघडलं.

अंगठ्यात काटा शिरला. बुडाशी चांगला दाभणासारखा काटा. आणि वर, माझ्या डोळ्यांसमोर, पान सुटलं ते फणीसारखं. दोन्ही बाजूंना बारीक, ताठ, टोकदार पाती. नाल्याच्या काठाने जन्मभर पाहत आलेलं पान. कोणाही पोराने सांगितलं असतं. मी बियाण्याचा दुकानदार, रक्ताळलेला अंगठा धरून शिंदीसमोर उभा होतो.

वहिनीने माझा हात ओढून घेतला. पदराची पिन काढली, अंगठा दाबला आणि काटा टोकरून बाहेर काढला. मोठ्या बहिणीने काढावा तसा, रागावल्यासारखं तोंड करून. वयाने ती माझ्याहून लहान होती.

"शिंदी हाये हे," मी म्हणालो.

"अच्छी है भाऊजी," ती म्हणाली. "हरी है."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिला छोट्या गाडीवर पोचवलं. स्वेटर तिने हातावर घेतलं होतं. सुमनच्या गळ्यात पडली, बाबांसाठी आणलेली सुपारी माझ्या हातात दिली, आणि आमच्याकडच्या बायांसारखंच म्हणाली, "येतो, भाऊजी. बाबाले पाह्यजा." गाडी हलली. ती गाडी इतकी हळू चालायची की माणूस बाजूने चालत गप्पा मारू शकायचा, म्हणून मी थोडा चाललो. फलाट संपला तिथे तिने खिडकीतून हात बाहेर काढला. पंजा पसरला. तो हळूहळू वाकला, खाली आला, अगदी खाली. मी तो वर उडायची वाट पाहत राहिलो. गाडी वळणाआड गेली.

ती परत आली नाही. येणार नव्हतीच.

घरी आलो. ऊन चढलं होतं, निंबाचा मोहर अंगणभर पडला होता. दादा गेल्याचं मला त्या दुपारी कळलं. सहा महिने उशिरा. आणि त्या दुःखात माणसाला जशी नेमकी चुकीची गोष्ट सुचते, तसा मी तरातरा कोपऱ्यात गेलो, ताटी उपटून फेकली आणि डबा दोन्ही हातांनी धरून ओढला. नाल्यात नेऊन टाकायचा होता. आला होता तिथे.

डबा हलेना. सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, आणून बुडाखाली घातली. बुडाचा पत्रा गंजून गेला होता आणि भोकांतून मनगटाएवढा मुळांचा झुपका थेट जमिनीत उतरला होता. मी त्याला ताटी बांधत होतो, बर्फ आणत होतो, आणि ते माझ्याकडे लक्ष न देता केव्हाच खाली पाण्याला जाऊन पोचलं होतं.

मी पुन्हा सब्बल उचलली. तेव्हा सुमन आली आणि तिने ती माझ्या हातातून काढून घेतली. तिचे डोळे रडून सुजले होते, पण आवाज नेहमीचा होता.

"राहू द्या," ती म्हणाली. "ताईले दोन सालापासून मालूम होतं. पानाले पंख्यासारख्या चुण्या नाई, तवाच तिनं वळखलं. मले म्हणे, त्याईले सांगू नको, सुमन. पहाडातलं असतं तं इथं रडत राह्यलं असतं. बरं झालं, इथलंच निघालं. हे राहीन."